तंबोऱ्याची झिलई : लाख, जवस आणि शिकलगार

शस्त्राचा गंज काढून त्यास चकाकी आणण्याच्या कामाला मराठीत ‘शिकल’ म्हणतात आणि ते काम करणारा तो शिकलगार. शब्द मूळचा अरबी. ‘सैकल’ला फार्सी ‘गर’ हा प्रत्यय लागून तो दख्खनेत आला आणि मराठ्यांच्या लष्करी व्यवहारात इतका रुळला की त्याचे परकेपण कोणास जाणवेनासे झाले. महाराष्ट्रातील तंतुवाद्यांच्या इतिहासात हा शब्द अनपेक्षित ठिकाणी भेटतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरजेत ज्या घराण्याने तंबोरे व सतारी घडविण्यास आरंभ केला, ते शिकलगारांचे घराणे होते. फरीदसाहेब व त्यांचे बंधू मोहिद्दीन यांची नावे या धंद्याचे मूळ पुरुष म्हणून घेतली जातात. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय त्यांस लाभला आणि पुढे या कुळातील अनेकांनी ‘सतारमेकर’ हेच आडनाव धारण केले. १८१८ नंतर तलवारींचे काम ओसरत गेले, १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने ते आणखी आटले, आणि रिकामे झालेले हात वाद्यांकडे वळले, असा या स्थित्यंतराचा अर्थ सामान्यतः लावण्यात येतो. तो अर्थ ग्राह्य आहे. परंतु त्यात एक गोष्ट निसटते. शिकलगार हा पृष्ठभागाचा जाणकार असतो. पाते किती घासावे, कोठे थांबावे, घासताना काय जाते आणि काय उरते, हे ओळखणे हीच त्याची विद्या. शस्त्रे गेली तरी ही विद्या राहिली, आणि तंबोऱ्याच्या अंगावरील झिलईत ती नव्या रूपाने प्रगट झाली.

या झिलईची स्वतंत्र दखल मात्र फारशी घेतली गेलेली नाही. तंतुवाद्यांचे वर्णन करणारे अभ्यासक दांडीची लांबी मोजतात, तारांची संख्या व धातू नोंदवितात, भोपळ्याचा घेर लिहून ठेवतात. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाने तेराव्या शतकात सिद्ध झालेल्या शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’त वाद्यांचा स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात वीणांच्या दांड्यांची मापे दिलेली आहेत. कॅप्टन डे यांनी दक्षिण हिंदुस्थान व दख्खन येथील संगीत आणि वाद्ये यांवर १८९१ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, तो तर रंगीत चित्रांनी सजलेला आहे. मापांची परंपरा अशी जुनी व भरघोस. झिलईविषयी मात्र ‘उत्तम पॉलिश केलेले’ एवढ्या तीन शब्दांपलीकडे बहुधा कोणी जात नाही. वस्तुतः वाद्याच्या अंगावर काळाची नोंद सर्वांत आधी होते ती झिलईवर, आणि स्वच्छतेच्या निमित्ताने सर्वांत आधी पुसली जाते तीही झिलईच. नागपूरच्या अभ्यासकास या विषयात आणखी एक कारणाने लक्ष घालावेसे वाटावे. लाकडाच्या झिलईची जी दोन मोठी कुळे जगभर मान्यता पावली, त्यांची मूळ द्रव्ये म्हणजे लाख आणि जवसाचे तेल. ही दोन्ही द्रव्ये विदर्भाच्या भूमीने पिढ्यान्‌पिढ्या पिकविली आणि बाहेर पाठविली आहेत.

मराठीत झिलईसाठी जे शब्द आहेत तेच या इतिहासाचा पहिला पुरावा देतात. ‘रोगण’ हा शब्द फार्सी असून त्याचा मूळ अर्थ तेल. म्हणजे रोगण म्हणताना बोलणारा नकळत तेलाच्या झिलईचे स्मरण करीत असतो. ‘लाख’ हा संस्कृत ‘लाक्षा’चा वंशज. हाच शब्द हिंदी महासागरावरून पश्चिमेस गेला आणि युरोपीय भाषांत ‘लॅक’, ‘लॅकर’ अशी रूपे घेऊन स्थिरावला. ‘पॉलिश’ हा शब्द सर्वांत अलीकडचा, इंग्रजी फर्निचराबरोबर आलेला. गंमत अशी की, आज कारागीर ज्यास पॉलिश म्हणतो ती वस्तू जवळजवळ सगळी लाखच असते. नाव विलायती, द्रव्य देशी.

लाख हे झाडाचे चीक नव्हे. एका सूक्ष्म किड्याच्या माद्या कोवळ्या फांदीवर दाटीने बसून रस शोषतात आणि अंगाभोवती राळेसारखे कवच तयार करतात. फांदीवर चढलेला हा थर म्हणजे काडीलाख. पळस, बोर व कुसुम हे या किड्याचे मुख्य आश्रयवृक्ष होत. पळस व बोरीवरील लाख ‘रंगीनी’ आणि कुसुमावरील ती ‘कुसुमी’ म्हणविली जाते. रंगीनीची कातकी व बैसाखी आणि कुसुमीची जेठवी व अघनी अशी वर्षाची चार पिके मोजतात. पिकांची ही नावे चांद्रमासांवरून पडलेली आहेत. फिकट रंगामुळे कुसुमीला भाव अधिक. महाराष्ट्रात लाखेचे क्षेत्र म्हणजे गोंदिया व गडचिरोली हे पूर्वेकडील जिल्हे. यांपैकी गोंदिया १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात मोडत असे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोंदिया हे धानाच्या गिरण्या व विड्यांप्रमाणेच लाखेच्या कारखान्यांकरिताही प्रसिद्ध होते. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने या भागाची गाठ कलकत्त्याच्या बंदराशी घालून दिल्यावर या व्यापारास मोठी चालना मिळाली.

काडीलाखेपासून झिलईयोग्य माल होईपर्यंत बऱ्याच क्रिया कराव्या लागतात. काडीवरून लाख सोलून दळतात व पाण्यात खळखळून धुतात. धुण्याच्या पाण्यात तांबडा रंग उतरतो आणि मागे राहते ती दाणेलाख. एके काळी हा रंगच मुख्य माल होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोळशाच्या डांबरापासून कृत्रिम रंग होऊ लागले तेव्हा लाखेच्या रंगाची मागणी कोसळली, आणि पूर्वी दुय्यम असलेली राळ हीच प्रधान झाली. दाणेलाख लांबलचक कापडी पिशवीत भरून भट्टीसमोर धरतात, पिशवी पिळत जातात, वितळून गळलेली लाख गरम नळकांड्यावर पसरतात आणि मग हातापायांनी ताणून तिचा मोठा पातळ पापुद्रा करतात. तो थंड झाल्यावर फोडला की चपडा तयार झाला. मिर्झापूर हे या कामाचे जुने केंद्र. चपड्यात शेकडा पाचाच्या आसपास मेणही असते. ते गाळून काढले तर झिलई अधिक पारदर्शक होते, ठेवले तर किंचित दुधाळ, परंतु हाताला मऊ.

लाखेचे ज्ञान या देशात अतिप्राचीन आहे. अथर्ववेदात लाक्षेला उद्देशून सूक्त आहे, ते औषधी म्हणून. महाभारतातील जतुगृह सर्वांस ठाऊकच आहे. ते जळण्यासाठीच बांधले होते, हे लाखेच्या ज्वालाग्राही स्वभावाची ओळख त्या काळी किती होती ते दर्शविते. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त वज्रलेपाच्या कृती दिल्या आहेत, त्यांपैकी एकीत लाक्षा येते. १५६३ साली गोव्यात छापून प्रसिद्ध झालेल्या गार्सिया द ऑर्ता याच्या ग्रंथात लाखेवर स्वतंत्र प्रकरण आहे. ती मुंग्यांपासून होते अशी त्याची समजूत होती. किड्याचे शास्त्रीय वर्णन जेम्स कर याने १७८१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले आणि त्याचेच नाव आज त्या किड्याच्या प्रजातीस आहे.

परंतु लाख ठाऊक असणे आणि लाखेची झिलई तंबोऱ्यास देता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. येथे कारागिरीचा एक महत्त्वाचा मुद्दा उपस्थित होतो. भारतात लाकडावर लाख चढविण्याची जुनी रीत उष्णतेची आहे. कातकाम करणारा खरादी फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरतो. घर्षणाने लाख वितळते आणि लाकडावर चढत जाते. मग केवड्याच्या पानाने वा तत्सम वस्तूने ती सारखी करतात. पोळपाट, लाटणी, पाळण्याच्या दांड्या, खेळणी या वस्तू अशाच रंगविल्या जातात. सावंतवाडीच्या चितारी कारागिरांचे लाखकाम प्रसिद्ध आहे, आणि मध्यप्रांतात लाखेच्या बांगड्या करणारी लखेरा ही जात रसेल व हिरालाल यांनी १९१६ च्या आपल्या ग्रंथात वर्णिलेली आहे. आता या रीतीने तंबोऱ्याची खुंटी रंगविता येईल, मणी रंगविता येतील. पण भोपळा, तबली आणि दांडी कातावर फिरत नाहीत. एवढ्या मोठ्या, पोकळ आणि असमान आकाराच्या वस्तूवर लाख पातळ व एकसारखी बसवावयाची तर ती द्रवरूपच हवी, आणि लाख पाण्यात विरघळत नाही. तिला विरघळविण्यास तीव्र मद्यार्क लागतो.

हा तीव्र मद्यार्क, कारागिराच्या भाषेत ‘स्पिरिट’, धंद्याला परवडेल अशा भावात मिळू लागला तो एकोणिसाव्या शतकात. फ्रान्समध्ये १८२० च्या सुमारास चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून तो कापडी गोळ्याने घासून चढविण्याची रीत प्रचारात आली. तीच ‘फ्रेंच पॉलिश’. इंग्लंडात १८५५ पासून पिण्यास अयोग्य केलेले स्पिरिट कारखानदारांस करमुक्त मिळू लागले, तेव्हा या रीतीचा प्रसार झपाट्याने झाला, आणि इंग्रजांच्या कचेऱ्यांतील व बंगल्यांतील लाकूडसामानाबरोबर ती हिंदुस्थानातील सुतारांच्या हाती आली. मिरजेच्या धंद्याचा आरंभही याच सुमारास होतो. यावरून असे अनुमान काढण्यास जागा आहे की, आज ज्यास तंबोऱ्याची परंपरागत झिलई समजतात ती वस्तुतः दोन प्रवाहांच्या संगमातून निर्माण झाली. द्रव्य वेदकालापासूनचे, परंतु रीत एकोणिसाव्या शतकातील. येथील लाख जहाजातून युरोपास गेली आणि तिच्यावर काम करण्याची रीत तेथून येथे परत आली. अशा फेऱ्या हातमागाच्या कापडानेही केल्या आहेत. त्यांची चर्चा मात्र पुष्कळ झाली, लाखेची झाली नाही.

दुसरे कुळ जवसाचे. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते. तिळाचे वा खोबऱ्याचे तेल तसे होत नाही. या एका गुणावर युरोपातील तैलचित्रे आणि तेलाची रोगणे उभी आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नागपूर व वर्धा या भागांतून जवस मोठ्या प्रमाणावर मुंबईस आणि तेथून युरोपास जात असे. इटलीतील क्रेमोना येथील विख्यात व्हायोलिनकार स्ट्राडिव्हरी यांच्या रोगणात काही गुप्त द्रव्य असावे अशी समजूत फार काळ प्रचलित होती. पॅरिसच्या संगीत संग्रहालयातील त्यांच्या पाच वाद्यांची तपासणी होऊन २००९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा आढळले ते सुकणारे तेल, चीडाची राळ आणि थोडे लाल रंगद्रव्य. गुप्त असे काहीच नव्हते. विदर्भात जवसाचा उपयोग मुख्यतः खाण्याकडे राहिला. भाकरीबरोबरच्या चटणीत जे आहे तेच परदेशातील वाद्यांच्या अंगावर चढले. फ्रेंच पॉलिशाच्या कामात मात्र ही दोन कुळे क्षणभर एकत्र येतात. गोळा चिकटू नये म्हणून त्यावर तेलाचा एखादा थेंब घेतात, आणि काम संपताना तो स्पिरिटने काढून टाकतात. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, हाही या धंद्यातील जुना धडा आहे. सुकताना ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. नागपूरच्या वैशाखात तर हे विशेष ध्यानात ठेवावयास हवे.

मिरजेच्या कारखान्यात झिलईचे काम शेवटी येते. पंढरपूरच्या परिसरातील भीमाकाठचा कडू भोपळा आणि कर्नाटकातून येणारे तुणीचे लाकूड एकमेकांस जोडून, वेलपत्तीची कोरणी व पूर्वीच्या हस्तिदंताच्या जागी आलेली सेल्युलॉइडची नक्षी बसवून झाली, की संपूर्ण अंग कागदाने घासून गुळगुळीत करतात. भोपळ्याची साल व तुणीचे लाकूड यांचे रंग मुळात भिन्न. ते एकरूप दिसावेत म्हणून आधी रंग देतात. नंतर कापूस मलमलीत बांधून केलेल्या गोळ्याने स्पिरिटमधील लाख चढविण्यास आरंभ होतो. एक हात फिरविणे, वाळू देणे, घासणे, पुन्हा हात फिरविणे, असे अनेकदा. गोळा वाद्यावर थांबता कामा नये. थांबला की खालचा थर विरघळून डाग पडतो. तबलीवर हात हलका ठेवतात, कारण तेथे थर जाड झाला तर नाद दबतो. घोडीच्या माथ्यास लाख लागतच नाही. तेथे कानसेचे काम, ज्यास जवारी काढणे म्हणतात. एकाच वाद्यावर पृष्ठभागाचे दोन विचार असे शेजारी नांदतात. एक डोळ्यासाठी व लाकडाच्या रक्षणासाठी, दुसरा निव्वळ कानासाठी. अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) हे मिरजेस राहिलेले थोर गायक वाद्ये दुरुस्त करण्यातही निष्णात होते. ज्यांच्या गायनात तंबोऱ्याला इतके महत्त्व होते त्यांना त्याच्या अंगाची अशी जाण असावी, हे साहजिकच होय. त्यांचा आवाज ज्या तबकड्यांनी घरोघर पोचविला त्या जुन्या ध्वनिमुद्रिकांतही लाख हाच एक प्रमुख घटक होता. त्या वाजविताना तबकडी आणि तंबोरा, दोन्हींच्या अंगी एकच द्रव्य होते.

वाद्य घरी आले की मळण्यास सुरुवात होते. सतारीच्या दांडीवर वादकाच्या बोटांचे तेल बसते, त्यात पितळी पडद्यांचा व तारांचा काळसर कस मिसळतो. तंबोऱ्याच्या गळ्याशी घामाचा पट्टा उमटतो. गजाने वाजविण्याच्या वाद्यांवर, सारंगी व व्हायोलिनवर, राळेची पांढरी भुकटी पडते आणि दमट हवेत चिकट होऊन तिचे कवच बनते. वारकऱ्यांच्या विण्याची कथा निराळीच. हरिनाम सप्ताहात तो सात दिवस खाली ठेवला जात नाही. एका विणेकऱ्याच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जातो. त्याच्या दांडीस शेकडो हातांचे घर्षण होते, बुक्का व अष्टगंध लागते, हार घातले जातात. खंडेनवमीस शस्त्रांबरोबर वाद्यांचीही पूजा होते. शिकलगाराची दोन्ही अपत्ये त्या दिवशी एका पाटावर येतात असे म्हणण्यास हरकत नाही. पूजेत लावलेले ओले गंध व हळदकुंकू झिलईवर तसेच राहिले तर हळदीचा डाग लाखेच्या थरात उतरतो आणि मग तो निघत नाही.

यात नागपूरच्या हवेची भर पडते. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. जूनच्या मध्यानंतर तीच हवा ओली होते. लाकूड आकसते आणि फुगते, भोपळा त्याहून निराळ्या मानाने. वरील लाखेचा थर मात्र एकदा वाळला की तेवढा लवचिक राहत नाही. जोडाच्या रेषेवर बारीक भेगा पडतात त्या यामुळे. पूर्वी उन्हाळ्यात दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपीत; पुढे कूलर आले. कूलरच्या झोतासमोर उभ्या केलेल्या तंबोऱ्याची एक बाजू दमट व दुसरी तापलेली राहते, आणि दमट बाजूस झिलईवर पांढुरकी छटा येते. हा मळ नव्हे. लाखेच्या थरात शिरलेला ओलावा तसा दिसतो. वाद्य सावलीत, कोरड्या जागी ठेवल्यास तो पुष्कळदा आपोआप जातो. मळ समजून तो घासणारा झिलईच घासून काढतो.

स्वच्छतेचे नियम लाखेच्या स्वभावातून निघतात. स्पिरिटमध्ये ती विरघळते. म्हणून स्पिरिटने पुसलेला मळ झिलईसकट निघतो. अत्तर व औषधी द्रवांतही मद्यार्क असतो, हे विसरले जाते. क्षारांतही ती विरघळते. धुण्याचा सोडा, टाकणखार, अमोनिया आणि कडक साबण हे तिचे शत्रू. उष्णतेने ती मऊ पडते. टर्पेंटाइनमध्ये मात्र ती विरघळत नाही, त्यामुळे जुन्या मेणाचा थर त्याने काढता येतो. सेल्युलॉइडच्या नक्षीस ॲसिटोन लागले तर नक्षी वितळते. खोबरेल तेलाने पुसलेला तंबोरा त्या दिवशी चमकतो खरा, परंतु ते तेल कधी सुकत नसल्याने त्यावर धूळ धरते आणि वर्षभरात काळे पुट चढते. घरोघरच्या पुष्कळ वाद्यांचा काळपटपणा ‘जुनेपणाचा’ नसून अशा तेलाचा आहे. राहता राहिला तो साधाच उपाय. मऊ जुन्या सुती कापडाने रोज कोरडे पुसणे, फार झाले तर कापड किंचित ओलसर करून एखाद्या जागी फिरविणे आणि लगेच कोरडे करणे. युरोपातील संग्रहालयांत नाजूक पृष्ठभाग लाळेने ओलावलेल्या कापसाने स्वच्छ करण्याची पद्धत मान्य आहे. लाळेतील पाचकद्रव्ये मळ सोडवितात आणि थरास इजा करीत नाहीत. आपल्याकडे ही कल्पना वाद्याच्या पावित्र्याशी जुळणार नाही, हे उघड आहे.

खरा प्रश्न निर्माण होतो तो जुने वाद्य ‘नवे’ करण्याच्या वेळी. आजोबांचा तंबोरा माळ्यावरून उतरवितात, तो काळवंडलेला दिसतो, आणि तो कोणा फर्निचर-पॉलिशवाल्याकडे जातो. तो कागदाने घासून लाकूड उघडे करतो आणि वर मेलामाइनचा किंवा पॉलियुरेथेनचा फवारा मारतो. वाद्य आरशासारखे होते. त्या घासण्यात मूळ रंग जातो, कोरणीच्या कडा बोथट होतात, गळ्याशी कोणत्या हाताने ते धरले जात होते त्याची खूण जाते. तबली घासली जाऊन पातळ होते, आणि वर बसलेला जाड थर पुन्हा स्पिरिटने काढता येत नाही. लिखित कागद नसलेल्या कारागिरीचा इतिहास अशाच खुणांवर उभा करावा लागतो. मिरजेच्या आरंभीच्या पिढ्यांनी आपल्या कामाच्या नोंदवह्या लिहिल्या त्या लाकडावर आणि लाखेत. त्या खरवडून काढल्या तर दुसरी प्रत कोठे मिळावयाची?

याच्या विरुद्ध बाजूसही वजन आहे आणि ते मान्य केले पाहिजे. तंबोरा ही केवळ पाहण्याची वस्तू नव्हे. त्यास वाजते ठेवणे हाच त्याचा मान. भारतीय परंपरेत पृष्ठभाग नवा करणे हा दोष समजला जात नाही. मूर्तीस वज्रलेप होतो, भिंतीस चुना, दारास रोगण. शिकल हा शब्दच मुळी पुन:पुन्हा करावयाच्या क्रियेचा वाचक आहे. तेव्हा पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी काचेआड जपलेल्या वाद्यास जो नियम लावावयाचा, तोच रोज रियाजास बसणाऱ्याच्या तंबोऱ्यास लावणे अन्यायाचे होईल. पण येथे लाखेचा एक गुण निर्णायक ठरतो. लाखेवर लाखेचा नवा हात फिरविला असता नवा थर जुन्याचा वरचा अंश विरघळवून त्याच्याशी एकजीव होतो. म्हणून जुनी झिलई न खरवडता, मळ तेवढा काढून, एक-दोन पातळ हात दिले तर वाद्य उजळते आणि खालचा इतिहासही जागेवर राहतो. कृत्रिम रोगणांत ही सोय नाही. त्यांचा थर खालच्याशी एकरूप होत नाही आणि उडाला की पापुद्र्यासारखा निघतो. शिकलगाराची मूळ विद्या, कोठे थांबावे ही, लाखेस अनुकूल आहे. फवाऱ्यास तिची गरजच भासत नाही.

लाखेच्या धंद्याने दरम्यान पुष्कळ चढउतार पाहिले. १९२४ साली रांचीजवळ नामकुम येथे लाखेच्या संशोधनासाठी संस्था स्थापन झाली, त्या वेळी हा माल देशाच्या निर्यातीत मानाचे स्थान राखून होता. ध्वनिमुद्रिका प्लास्टिकच्या झाल्या, विजेच्या सामानात व लाकूडकामात कृत्रिम राळा आल्या, आणि मागणी उतरली. औषधांच्या गोळ्या व फळे यांवरील लेपांसाठी ती आज पुन्हा काही प्रमाणात टिकून आहे. मिरजेची सतार व तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. अशा नोंदणीने जागेचे नाव सुरक्षित होते. त्या वाद्यांच्या अंगावर लाख असावी की फवाऱ्याचे रोगण, हा वाद मात्र कारखान्यातच सोडवावा लागणार आहे, आणि त्यात वेळ व मजुरी यांचे गणित लाखेच्या विरुद्ध जाते. एका वाद्यावर हाताने अनेक थर देण्यास जे दिवस लागतात ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांस दिसत नाहीत.

ज्यांना जुन्या तंबोऱ्याची मूळ झिलई पाहावयाची असेल त्यांनी ती वाद्याच्या दर्शनी भागावर शोधू नये. तेथे ती बहुधा दोन-तीनदा बदललेली असते. घोडी उचलली असता तिच्या पायाखाली, मणी ज्या तारांवर सरकतात त्यांच्या खालील अरुंद पट्ट्यावर, खुंट्यांच्या मुळाशी आणि कोरणीच्या खोल पानांच्या देठांत पॉलिशवाल्याचा कागद पोचत नाही. अशा जागी अतिनील प्रकाश टाकला तर लाख नारिंगी झळकते, आणि तीत झळकणारा तुकडा नखाएवढा असला तरी त्यावरून दर्शनी भागाचा पूर्वीचा रंग कळू शकतो. विदर्भातील मंदिरांत व भजनी मंडळांत पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेलेले विणे या दृष्टीने तपासले गेले पाहिजेत. त्यांच्या दांड्या हातांनी झिजल्या आहेत, पण खुंट्यांच्या बाजूस, जेथे हार अडकतात आणि हात पोचत नाही, तेथे जुना थर शिल्लक असण्याचा संभव सर्वांत अधिक आहे.